सत्तेचाळीस नंबरचे मोह

लखनौच्या तेलीबागेतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोहाचं झाड आहे. प्लॉटिंग करताना बिल्डरने आंब्याची सगळी बाग आडवी केली आणि हे एकच का ठेवलं, देव जाणे. चैत लागला की पहाटे त्याची फुलं टपटप पडतात. समोरचे मिश्राजी रोज गाडीच्या टपावरून ती झाडतात आणि रोज म्हणतात, ‘‘भाभीजी, इसको कटवाइए, बड़ी चिपचिप है.’’ मी ‘हाँ हाँ’ म्हणते आणि आत येते. त्या गोड, किंचित आंबूस वासाने माझं डोकं दुखतं असं मी घरात सांगते. डोकं दुखत नाही. दुसरंच काही दुखतं, पण त्याला गोळी कुठली मागायची?

चैत म्हणजे लखनौत पानगळ आणि परीक्षा एकदमच. कडुनिंब रस्ताभर पिवळं पान टाकतो, वरून धूळ, आणि घरोघरी पोरं रट्टा मारत बसलेली. ही गोष्ट घडली तेव्हा आमची मुक्ता तिसरीत होती. मी मराठीत विचारायची, ‘‘पाढे झाले का गं?’’ आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, ‘‘हो गया ना मम्मी, कितनी बार पूछोगी!’’ आम्ही तेव्हा विकास नगरला भाड्याने राहत होतो. सुधीर, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत इंजिनियर. त्याच्या बदलीमागे मी भंडाऱ्याहून नागपूर, नागपूरहून भुसावळ आणि तिथून थेट लखनौ अशी आले होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई, पोळ्या लाटून कंटाळलेली. अशात जंगलाच्या मोजणीच्या एका सरकारी प्रकल्पात मला जागा मिळाली. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, आणि मला वाटत होतं की माझं खरं आयुष्य आता सुरू झालं.

बाप्पा, काय तोरा होता माझा त्या दिवसांत!

ऑफिसात एकच एसी होता, आणि तो कॉम्प्युटरसाठी होता, माणसांसाठी नाही. त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. डायरेक्टरसाहेबसुद्धा मोजे घालून आत यायचे. मी आत बसायची, शाल पांघरून. बाहेर चाळीस डिग्री आणि मी शालीत! बायका हेवा करायच्या. प्रिंटर खरडखरड करत कागदाच्या लांबलचक पट्ट्या ओकायचा, आणि त्या पट्ट्यांवर हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतलं एक अख्खं जंगल असायचं, लखनौपासून जीपने पाच-सहा तासांवरचं, जे मी पाहिलेलंच नव्हतं.

काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जंगलातलं प्रत्येक झाड कोणी मोजू शकत नाही. म्हणून नकाशावर ठरावीक अंतराने चौकोन पाडायचे, एकेक चौकोन तीस-बत्तीस मीटर बाजूचा, आणि माणसं तिथे पाठवून तेवढीच झाडं मोजायची. झाड कोणतं आणि छातीच्या उंचीवर त्याचा घेर किती, एवढं फॉर्मवर लिहायचं. मधल्या न पाहिलेल्या जागेत काय असेल ते गणिताने काढायचं. त्यासाठी नवी विद्या आली होती, खाणीतल्या धातूचा अंदाज घ्यायला निघालेली आणि आता झाडांवर वापरायची. तिचा पाया अगदी साधा आहे. जवळजवळच्या जागा एकमेकींसारख्या असतात, आणि लांब जावं तसं ते साम्य सुटत जातं. किती अंतरावर सुटतं त्याचा एक वक्र काढायचा. तो वक्र हाती आला की पुढच्या वेळी चौकोन किती लांब लांब पाडले तरी चालेल हे सांगता येतं. माणसं कमी, वेळ कमी. डायरेक्टरसाहेबांना ही विद्या हवी होती, आणि अख्ख्या ऑफिसात ती मला एकटीला येत होती. म्हणजे येते असं मी सांगितलं होतं, आणि रात्रंदिवस पुस्तकं वाचून ती आणलीही होती. खोटं नाही बोलत.

पहिल्यांदा वक्र काढला तेव्हा तो नीट आलाच नाही. सुरुवातीलाच उसळी. अगदी जवळच्या चौकोनांतच मेळ नाही. मी एकेक आकडा तपासत गेले आणि सत्तेचाळीस नंबरच्या चौकोनापाशी थांबले. आजूबाजूच्या चौकोनांत मोठी झाडं दोन, तीन, एक, दोन. आणि सत्तेचाळीसमध्ये चौदा! चौदाही सगळे महुआ, म्हणजे आपले मोह. घेर सेंटिमीटरमध्ये एकशे साठ, एकशे पंच्याहत्तर, एकशे ऐंशी, एकशे पन्नास, एकशे पासष्ट. प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य नाहीतर पाच.

संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला अशा वेळी जो आनंद होतो तो तुम्हाला कसा सांगू! चोर सापडल्याचा आनंद. खरं मोजलेल्या आकड्यांचे शेवटचे अंक सगळ्या तऱ्हेचे असतात, तीन, सात, एक, आठ. माणूस झाडाखाली बसून मनाने आकडे ठोकतो तेव्हा तो शून्य आणि पाचावर येतो. हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी फॉर्मच्या खालची सही पाहिली. हिंदीत, शाळकरी पोराच्या अक्षरात लिहिलं होतं, रामअवतार.

हा रामअवतार कोण, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वनखात्याच्या त्या रेंजमध्ये तो रोजंदारीवर चौकीदार होता, चौदा की पंधरा वर्षं. मोजणीच्या टोळीत टेप धरायचं काम त्याचं. लिहिता येत होतं म्हणून फॉर्मही तोच भरायचा. त्या वर्षी रोजंदारीवरच्या जुन्या लोकांना पक्कं करायची यादी निघणार होती, आणि त्यात त्याचं नाव वरून दुसरं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. पण विचारलं असतं तर आधीही कळलं असतं. एक फोन होता ऑफिसात.

मी सत्तेचाळीस नंबर काढून टाकला आणि वक्र पुन्हा काढला. काय सुरेख आला म्हणता! खालून वर गुळगुळीत चढत जाणारा, आणि एका अंतरावर शांत होणारा. मी मुक्ताच्या परीक्षेच्या पॅडवर तो पेन्सिलीने उतरवून घरी नेला, सुधीरला दाखवला आणि सत्तेचाळीसची चोरीही सांगितली. तो वरणभात कालवत होता. म्हणाला, ‘‘चांगला आहे. पण तो एक चौकोन तू काढून टाकलास तो पाहून आलीस का?’’

‘‘पाहायचं काय त्यात? आकडेच सांगताहेत.’’

‘‘अगं, मी रुळांचा रिपोर्ट ट्रॉलीवरून फिरून आल्याशिवाय सही करत नाही. गँगमन काय लिहितो ते वाचतो, पण खोटं ठरवायचं असलं तर स्वतः उतरून बघतो.’’

‘‘तुमचं लोखंड आहे, माझं गणित आहे,’’ मी म्हटलं. असं फाडकन बोलायची मला सवय आहे. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही.

जायचं म्हटलं असतं तर जाता आलं असतं. जीप होती. ‘‘मैडम, आप कहाँ जंगल में जाएँगी’’ असं ऑफिसात सगळे म्हणायचे आणि मला ते आवडायचं, हे आज कबूल करते. धूळ नको, ऊन नको, डाकबंगल्यातलं गळकं न्हाणीघर नको. शिवाय मुक्ताची परीक्षा होती. मुक्ताची परीक्षा त्या महिन्यात माझ्या कितीतरी गोष्टींच्या आड उभी राहिली, बिचारी.

रिपोर्टात मी एक ओळ घातली. अजून पाठ आहे. ‘प्लॉट क्रमांक सत्तेचाळीसची नोंद प्रत्यक्ष मोजणी न करता भरल्याचे दिसते, म्हणून ती वगळली आहे.’ नुसतं ‘वगळली आहे’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मला चोर पकडल्याचं लिहायचं होतं. रिपोर्ट रेंजरपर्यंत गेला, आणि पक्क्या लोकांच्या यादीतून वरून दुसरं नाव गेलं.

तो आला तेव्हा रविवार होता. मी विकास नगरच्या घराच्या गच्चीवर बटाट्याचे पापड वाळत घालत होते. खाली फाटकाशी एक उंच, वाळका माणूस उभा होता, खाकी शर्ट, खाली धोतर. सकाळी सातच्या आधी आला असणार, कारण दूधवाला म्हणाला, ‘‘ये तो कब से खड़े हैं.’’ घंटी वाजवली नव्हती. रविवारी साहेब लोक उशिरा उठतात म्हणून.

मी खाली गेले. त्याने हात जोडले. ‘‘बहिनजी, हम रामअवतार. सैंतालीस नंबर वाले.’’

स्वतःची ओळख त्याने अशी करून दिली. माझ्या रिपोर्टाने माणसाला ही ओळख दिली होती.

‘‘बहिनजी, हम गिने रहे. चौदह ठो महुआ हैं. एक्कौ झूठ नाहीं लिखे.’’

मी त्याला तिथेच फाटकात उभं ठेवून शेवटच्या अंकांचं समजावून सांगितलं. खरंच सांगितलं! शून्य आणि पाच कसे येतात वगैरे, माझ्या चांगल्या हिंदीत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, टेप एकशेवीसच्या पुढे तुटलेला आहे, दोन वर्षं झाली, नवा मागितलाय, आला नाही. झाडं जाड. म्हणून सुतळी गुंडाळायची, खूण करायची, ती जमिनीवर ताणून टेपने दोनदा मोजायची. सुतळी थोडी ताणते, थोडी आखडते, म्हणून पाचाच्या जवळ जे येईल ते लिहायचं. ‘‘डोरी से तीन-सात कैसे लिखें, बहिनजी? ऊ तो झूठ हो जाई.’’

वाचणाऱ्याने इथे थांबून पाहावं. जो माणूस आपल्या सुतळीला जेवढं कळतं त्याहून बारीक आकडा लिहायला तयार नव्हता, त्याला मी खोटारडा ठरवलं होतं. आम्हाला वर्गात हेच शिकवतात, की मापाच्या ताकदीपेक्षा बारीक लिहू नका. त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. अर्धंमुर्धं कळलंही. पण अर्धं कळलेलं माणूस दडपू शकतो. मी म्हटलं, ‘‘अच्छा, देखते हैं.’’

‘‘एक बार चलिके देख लेव, बहिनजी. महुआ कहूँ भागि नाहीं.’’

‘‘हाँ, परीक्षा हो जाए, फिर देखते हैं.’’

कुणाची परीक्षा, ते त्याने विचारलं नाही. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. भंडाऱ्याला आमच्या दारात आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय बाबा बोलू द्यायचे नाहीत. सुधीर आतून म्हणाला, ‘‘कोण होतं गं?’’ मी म्हटलं, ‘‘ऑफिसचं.’’

आणि सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे मी भंडाऱ्याची. हे तराईतल्या साहेबांना माहीत नसेल, माझ्या त्या विद्येचं पुस्तक लिहिणाऱ्या गोऱ्याला माहीत नसेल, मला माहीत होतं. लहानपणी आम्ही पहाटे टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जायचो. मोहाचं झाड गावातलं कोणी तोडत नाही. बाकी जंगल साफ करतील, सरपणाला नेतील, पण मोह राखतात. चार मोह जिथे आहेत तिथे लोक पाचवा वाढू देतात, शेळ्यांपासून जपतात. म्हणून मोह कुठे अजिबात नसतो आणि कुठे घोळक्याने असतो. हे लोकांनी केलेलं असतं, ते कुठल्याही वक्रात बसणार नाही. सत्तेचाळीसमधली चौदा झाडं पाहून भंडाऱ्याच्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं, ‘इथं जुनं गाव असन बाई.’ मला नाही सुचलं. एसीत बसून माझं सगळं गाव माझ्यातून पुसलं गेलं होतं, दुसरं काय!

वक्रामुळे माझं कौतुक झालं. चौकोनांमधलं अंतर जवळजवळ दुप्पट करता येतं असं ठरलं. नवा नकाशा छापला, चार रंगांत. सत्तेचाळीसच्या जागी तो फिकट पिवळा होता, म्हणजे विरळ. साहेबांनी दिल्लीच्या लोकांसमोर माझं नाव घेतलं, आणि मी नवी साडी नेसले होते. पैठणी नाही, पण चांगली होती.

पुढच्या चैतात साहेब म्हणाले, ‘‘मैडम, इस बार आप भी हो आइए, प्रेज़ेंटेशन में फील्ड की फोटो चाहिए.’’ फोटोसाठी म्हणून मी शेवटी जंगलात गेले. साल वृक्षांची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी वाजत होती. सोबतच्या गार्डला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘वो सैंतालीस नंबर किधर पड़ेगा?’’ तो हसला. ‘‘महुआबारी? यहीं, नाले के पार.’’ जागेला नाव होतं! आम्ही नंबर दिला होता आणि तिला नाव होतं.

नाला ओलांडायच्या आधीच वास आला. मी जागच्या जागी उभी राहिले. माझं लहानपण आणि माझी लबाडी, दोन्ही त्या एकाच वासात होती, आणि कुठलं आधी आठवावं ते मला कळेना. पलीकडे झाडांखालची जमीन झाडून साफ केलेली, फुलं स्वच्छ पडावीत म्हणून. बायका वेचत होत्या. जुन्या विहिरीचा काठ होता, अर्धा बुजलेला. मी चौकोनाच्या कोपऱ्यात ठोकलेला खुंट शोधला, दोरी धरायला गार्डला लावलं आणि एकेका झाडाला हात लावत मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं. चौदा. प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला गेरूची बारीक रेघ होती, मागच्या वर्षीची, अजून न पुसलेली. तेवढ्यासाठी कोणी त्याला सांगितलं नव्हतं. दुसरं कोणी मोजायला आलं तर त्याला सापडावं म्हणून त्याने ती ओढली होती.

लखनौला परतल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, सत्तेचाळीस खरा आहे. ते म्हणाले, ‘‘मैडम, नक्शा छप चुका है. एक प्लॉट के पीछे पूरा ग्रिड दोबारा करेंगी?’’

आणि मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांनंतरही मला त्या हायसं वाटण्याची लाज वाटते, चुकीपेक्षाही जास्त. चूक माणसाच्या हातून होते. पण मी त्या खोलीतून बाहेर पडले ती सुटल्यासारखी. नकाशा नसता बदलला तरी रेंजरला दोन ओळींचं पत्र लिहिता आलं असतं, की मी लिहिलेलं चूक होतं, या माणसाने खरं मोजलं. ते लिहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण ती ओळ खोडली की चौकोन परत घ्यावा लागतो, चौकोन घेतला की वक्र बिघडतो, आणि वक्र बिघडला की ‘हे मला येतं’ म्हणणारी बाई बिघडते. मी पत्र तीनदा लिहायला घेतलं. एकदा सही करेपर्यंतही आले. टपालात टाकलं नाही. आज टाकू, उद्या टाकू करता करता मुक्ताची चौथीची परीक्षा आली, मग पावसाळा, मग सगळं जुनं झालं. जुनं झालेलं उकरून काय फायदा, असं मी स्वतःला सांगायला शिकले.

मागच्या वर्षी मुक्ता माहेरपणाला आली होती. तिला हे सांगितलं, म्हणजे पत्रापर्यंतचं. ती आता मोठी डॉक्टर झाली आहे, अजूनही हिंदीतच बोलते. म्हणाली, ‘‘तो लिख देतीं न, मम्मी. दो लाइन ही तो थी.’’ मी म्हटलं, हो गं, दोनच ओळी होत्या. तिने विषय बदलला, माझ्यासाठी. रामअवतारचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. चौकशी केली नाही, कारण उत्तराची भीती वाटली. एवढी वर्षं लखनौतच राहिले, पाच-सहा तासांवर.

आता जे उरलं ते मुक्तालाही सांगितलं नाही, सुधीरलाही नाही.

त्या दिवशी महुआबारीत मी दुसऱ्यांदा मोजून वळले, तर तो माझ्या मागे उभा होता. वेचणाऱ्या बायकांत त्याची बायको होती, तिच्यासोबत टोपली उचलायला आला होता. चौकीदारी सुटली होती. त्याने मला ओळखलं, हात जोडले. फाटकात उभं ठेवल्याचा राग चेहऱ्यावर कुठेच नव्हता. असता तर बरं झालं असतं. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्याने बायकोच्या लोट्यातलं पाणी मला दिलं. मी ते प्यायले. मग त्याने माझ्या हातातल्या वहीकडे पाहून विचारलं, ‘‘केतना निकरा, बहिनजी?’’

वहीत चौदाचा आकडा होता. मीच लिहिलेला, दोनदा, खाली रेघ मारून. चौदा एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हटलं, ‘‘अभी लखनऊ जाकर हिसाब करना पड़ेगा.’’

‘‘हाँ, हिसाब तौ आपै लोग जानौ,’’ तो म्हणाला. आणि मी जीपकडे निघाले तेव्हा पाठीमागे तो बायकोला सांगत होता, ऐकू यावं अशा आवाजात नाही, पण मला ऐकू आलं, ‘‘देख्यो, बहिनजी खुदै आइके गिन लिहिन. अब हमार नाव चढ़ि जाई.’’